ग्रँडांच्या टेपा : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

आज बँकरीहून खोकी आली. मामेसासऱ्यांनी स्वतः गाडीतून उतरवून दिली, उभ्या उभ्याच चहा घेतला आणि फारसं न बोलता निघून गेले. चार खोकी. ४१ स्पूल, ६३ कॅसेट, स्वरलेखनाच्या सात वह्या आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) तारा, खुंट्या, राळेचे झिजलेले खडे. डब्याचं झाकण काढल्याबरोबर राळ आणि सरस यांचा मिसळलेला वास आला. त्यांच्या शेडमध्ये असाच वास असायचा. पाच मिनिटं मी नुसती बसून राहिले.

ग्रँडा म्हणजे माझ्या सासूबाईंचे वडील. नात्याने आजेसासरे. पण इथे ईशान्य स्कॉटलंडमध्ये आजोबांना ग्रँडा म्हणतात आणि मीही पहिल्या दिवसापासून तेच म्हणत आले. जन्म १९३१चा, गेले नोव्हेंबर २०२२ मध्ये. धंदा सुतारकीचा. अबर्डीनपासून तीसेक किलोमीटरवर, डी नदीच्या काठी बँकरीत सगळा जन्म गेला. दिवसभर दारं-खिडक्या करायच्या आणि संध्याकाळी हात धुऊन फिडल काढायचं. ज्याला 'स्ट्रॅथस्पे किंग' म्हणत (स्ट्रॅथस्पे हा इथल्या नाचाच्या सुरावटीचा एक प्रकार) तो फिडलर जेम्स स्कॉट स्किनर याच बँकरीत १८४३ साली जन्मला. तो १९२७ मध्ये गेला, म्हणजे ग्रँडांच्या जन्माच्या चार वर्षं आधी. तरी ग्रँडा त्याच्याबद्दल असे बोलायचे, जणू तो शेजारच्या घरातला एखादा वडीलधारा होता आणि परवाच भेटला होता.

१९६१ मध्ये त्यांनी टेप रेकॉर्डर घेतला आणि त्यानंतर घरात जे वाजलं ते बरंचसं टेपवर आलं. पुण्यात मी सहा वर्षं एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलं होतं, म्हणून हे सगळं डिजिटल करायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. मोठा विश्वास आहे हा. रोजचं काम इथे लिहीत जाईन.

१३ जानेवारी, शनिवार

दिवसभर वर्गवारी. प्रत्येक स्पूल दिव्यासमोर धरून पाहिली. गुंडाळलेल्या फितीतून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची. नाही दिसला तर पीव्हीसी किंवा पॉलिएस्टर. ११ अ‍ॅसिटेटच्या निघाल्या. त्यातल्या दोन डब्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतोय. फीत आतून खराब व्हायला लागल्याची ही खूण, म्हणून त्या दोन सगळ्यांत आधी घ्यायच्या.

स्पूल वाजवायचं रिव्हॉक्सचं मशीन गेल्या आठवड्यात तपासून आणलं आहे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, चुंबकत्व उतरवलं. बहुतेक टेपा सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर या वेगाने भरलेल्या दिसतात. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनो असल्यामुळे तासाला साधारण एक जीबी पडेल. एक नियम आजच ठरवला : टेपवरून उतरलेली मूळ फाइल कधीही बदलायची नाही. जी काय साफसफाई करायची ती प्रतीवर.

डब्यांवरच्या नोंदी पेन्सिलीत आहेत. अक्षर सुताराचं, सरळ आणि दाबून लिहिलेलं. गंमत वाटली ती ही, की सुरावटींची नावं बारीक अक्षरात कोपऱ्यात आहेत आणि त्या संध्याकाळी घरी कोण कोण आलं होतं त्यांची नावं मोठ्या अक्षरात मध्यभागी.

यादीसाठी रकाने केले : क्रमांक, सुरावट, प्रकार, पट्टी, रचनाकार, तारीख, अवधी, टेपची अवस्था.

२५ जानेवारी, गुरुवार

आज बर्न्स नाइट. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस, १७५९चा. शेजारी हॅगिस आणि कवितांचा कार्यक्रम होता. आम्ही तासभर जाऊन आलो आणि मग मी पहिली स्पूल लावली. व्हिनेगरवाल्या दोनांपैकी एक.

सुरुवातीला खोलीचा आवाज. कुठेतरी भांडं ठेवलं. कुत्रा. मग ग्रँडांचा आवाज, इतका तरुण की नवरा दारात थबकलाच. सलग चार सुरावटी. शेवटच्या सुरावटीनंतर मागे स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येतो आणि त्यावर बीबीसीचे तासाचे ठोके लागतात, सहा टिपके.

त्या सहा टिपक्यांनी दोन कामं केली. पहिलं काम वेगाचं. तो सूर नेमका १००० हर्ट्झचा असतो आणि माझ्याकडे ९८५ भरला. म्हणजे टेप दीड टक्क्याने मंद येतेय. विजेची ५० हर्ट्झची घरघर मोजली तर तिनेही तेच सांगितलं. तेवढा वेग वाढवला आणि फिडल नेमक्या पट्टीत येऊन बसलं. दुसरं काम तारखेचं. १९७१च्या अखेरीपर्यंत ते सहाही टिपके सारख्या लांबीचे होते. त्यानंतर शेवटचा लांबवला गेला. इथे सहाही सारखे आहेत, तेव्हा ही संध्याकाळ त्याच्या आधीची. डब्यावर साल नव्हतं, निदान त्याची हद्द तरी रेडिओने दिली.

४ फेब्रुवारी, रविवार

आतापर्यंत पाच स्पूल झाल्या. एक दोष सारखा येतोय : ठक, ठक, ठक. बोथट, खालच्या पट्टीतला ठोका, साधारण सेकंदाला एक.

आधी सुरावटींबद्दल थोडं, म्हणजे दोष नीट कळेल. या टेपांवर सगळ्यांत जास्त आहेत स्ट्रॅथस्पे. चार मात्रांचा, धीम्या लयीचा नाचाचा प्रकार. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलं. याची जान म्हणजे 'स्कॉच स्नॅप' : आखूड सूर आधी, लांब मागून, आणि त्या आखूड सुरावर गजाचा असा हिसका की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप उचलले जावेत. ग्रँडा म्हणायचे, रील (वेगवान नाच) कुणीही पळवील, स्ट्रॅथस्पे ज्याला रोखून धरता येतो तो फिडलर. गज खालून वर ढकलताना जोर लावण्याची जी ढब आहे, तिचं श्रेय इथले लोक नील गाऊला देतात. डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचा, १७२७ ते १८०७. ग्रँडांचा उजवा हात पाहिला असता तर गाऊला बरं वाटलं असतं.

तर हा ठोका. संशय मशीनच्या रबरी रोलरवर आहे. त्याचा व्यास तीन सेंटीमीटर, परीघ साडेनऊच्या जरासा आत. फीत सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर पळते. रोलर एका जागी चपटा झाला असेल तर सेकंदाला बरोबर एक ठोका येणार. गणित चपखल बसतंय. नवा रोलर मागवला.

११ फेब्रुवारी, रविवार

नवा रोलर बसवला. ठोका जसाच्या तसा, त्याच जागी.

म्हणजे तो टेपवरच आहे. मग दोष ग्रँडांच्या जुन्या रेकॉर्डरच्या रोलरचा असणार, भरतानाच उमटलेला. त्याला आता मशीनवर इलाज नाही. सॉफ्टवेअरमध्ये ठोक्यांचा नमुना घेऊन ते एकेक करून उचलून काढावे लागतील. मी स्टुडिओत असताना असली कामं पुष्कळ केली आहेत. आज रात्री एक वाजेपर्यंत बसून पहिली स्पूल पूर्ण साफ केली. फिडल आता आरशासारखं स्वच्छ ऐकू येतंय.

३ मार्च, रविवार

१४ स्पूल उतरवून, साफ करून झाल्या. घरातल्या पाचही बिऱ्हाडांना पाठवल्या. कॅल्गरीच्या नणंदेचा लगेच निरोप आला, ऐकता ऐकता रडले म्हणून.

१० मार्च, रविवार

इथला मदर्स डे. सासूबाईंना भेटायला गेलो. डॅफोडिल नेले.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, टेपा ऐकल्या, फार छान केल्यास. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, पण ग्रँडा रिकाम्या खोलीत वाजवतायत असं का वाटतं?

मी विचारलं, म्हणजे प्रतिध्वनी जास्त आहे का? तर नाही. त्यांना नेमकं सांगता येईना. दोन-तीनदा हात हलवून त्या म्हणाल्या, आमच्या घरी असं कधी वाजत नव्हतं.

घरी परतताना गाडीत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

१६ मार्च, शनिवार

स्पूल ९ची मूळ फाइल पुन्हा लावली. आधी तिच्यातला नुसता स्ट्रॅथस्पेचा भाग साफ केला होता. पुढे सलग तीन रील आहेत, त्या ऐकायच्या राहिल्या होत्या.

रील सुरू झाल्या आणि ठोकाही वेगात आला. स्ट्रॅथस्पेत मिनिटाला साठ होता, इथे मोजला तर एकशे दहा. रोलरचा वेग सुरावट पाहून बदलत नाही. मी हेडफोन काढून ठेवला, पाणी प्यायले आणि परत घातला.

मग सगळीकडे तपासत गेले. दोन सुरावटींच्या मध्ये फिडल थांबतं तेव्हा ठोकाही थांबतो. पण पुढची सुरावट सुरू होताना आधी ठोका येतो. ठक, ठक, आणि मग गज पडतो. नऊ ठिकाणी तपासलं, नऊही ठिकाणी असंच. कुणीतरी ग्रँडांना लय देतंय.

सासूबाईंना फोन करून तेवढा तुकडा, न साफ केलेला, तिकडे वाजवला. तीन सेकंदही झाले नसतील. त्या म्हणाल्या, "मम." म्हणजे आई.

२९ मार्च, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी. सगळे बँकरीच्या घरी जमलो.

ग्रॅनी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, २००९ मध्ये गेल्या. माझं लग्न २०११चं. मी त्यांना पाहिलंच नाही. घरातल्या प्रत्येकाने एकच सांगितलं होतं : ग्रॅनीला गाण्यातलं काही कळत नसे, ती स्वतःच तसं म्हणायची. कधी गायली नाही, कुठलं वाद्य हातात धरलं नाही. चुलीपाशी खुर्चीत मोजे विणत बसायची.

ती खुर्ची अजून त्याच जागी आहे. बीचच्या लाकडाची, उंच पाठीची, पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी दांडी असलेली. नवऱ्याने ती उलटी करून खिडकीशी आणली. दांडीच्या मध्यापासून जरा उजवीकडे दोन बोटं रुंद खळगा आहे, गुळगुळीत, झिजून झिजून चकाकलेला. आणि त्या खळग्याखालचं लाकूड वेगळं आहे. जास्त गडद, रेषा जास्त मोकळ्या. ओक. दांडीचा तेवढाच भाग कापून काढून ओकचा तुकडा इतक्या बेमालूम बसवलाय की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडत नाही. खालच्या बाजूला पेन्सिलीत दोन आकडे, सरळ आणि दाबून लिहिलेले : १९७३, आणि त्याच्या खाली १९८८.

दांडी झिजली होती. त्यांनी नवं लाकूड घालून दिलं. ते झिजलं, तेव्हा दुसरं घालून दिलं. मामेसासरे याच घरात लहानाचे मोठे झाले, आजही इथेच राहतात, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या. टाच दांडीवर टेकवून त्यांनी एकदा ठोकली. मी फोनवर ते भरून घेतलं, पण त्याची गरज नव्हती. आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

मी एकटीच अशी होते जिला तो ठोका खटकला, कारण मी एकटीनेच त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बाकीच्यांच्या कानांना तो इतका सवयीचा की टेपवर आहे हेही त्यांना जाणवलं नसतं. मी काढून टाकला, तेव्हाच काय ते जाणवलं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गॅलरीत गुढी उभारली. वारा इतका की दोरीने चार जागी बांधावी लागली. श्रीखंड घरीच केलं.

आज टेपेला हात लावला नाही, वह्या चाळल्या. ग्रँडांनी स्वतः बांधलेल्या ३२ सुरावटी सात वह्यांत मिळून सापडल्या. माणसाच्या नावाने सुरावट बांधायची इथे जुनी रीत आहे. नील गाऊने दुसऱ्या बायकोच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने बांधलेला विलाप आजही स्कॉटलंडभर वाजतो. गॉर्डनच्या ड्यूककडे चाकरीला असलेल्या विल्यम मार्शलने तर ओळखीपाळखीच्या कितीतरी बायका-माणसांच्या नावे स्ट्रॅथस्पे बांधले. त्यातलाच एक बर्न्सने उचलला आणि त्यावर आपल्या बायकोसाठी गीत लिहिलं. ग्रँडांनीही प्रत्येक नातवंडाला जन्माच्या वर्षी एक सुरावट दिली आहे. लग्न होऊन घरात आलेल्यांना लग्नाच्या वर्षी.

मला दिलेली पाचव्या वहीत आहे. 'द क्वाइन फे मिरज', मिरजेची पोर. मला ते क्वाइनच म्हणायचे. दारातून आत आले की "फिट लाइक, क्वाइन?" म्हणजे काय म्हणतेस पोरी. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, तुमच्या गावात काय करतात? मी म्हटलं, सतारी आणि तंबोरे करतात. झालं. भोपळा कुठून येतो, किती दिवस वाळवतात, घोडीला कसलं हाड, पडद्यांना कसला दोरा, दीड तास तेच. मी सतारमेकरांच्या गल्लीजवळ वाढले तरी निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. रात्री मिरजेला फोन करून बाबांना विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ग्रँडांना सांगितली. त्यांनी ती लिहून ठेवली आहेत. वहीत आज सापडली, माझ्या सुरावटीच्या मागच्या पानावर.

सुरावट जिग या नाचाच्या प्रकारातली आहे, सहा-आठची. त्यांनी वाजवून दाखवली तेव्हा माझ्या हाताने मांडीवर आपोआप दादरा धरला. सहा मात्रा, धा धी ना धा ती ना. ते फिडल न थांबवता माझ्या हाताकडे बघत राहिले. आज लक्षात येतंय, लय धरणारं माणूस जवळ बसलेलं असलं की ते कसे वाजवायचे, ते मी तेव्हा पाहिलं होतं.

२१ एप्रिल, रविवार

१४ फाइली बाद. मूळ न बदलण्याचा नियम पहिल्याच आठवड्यात केला होता म्हणून वाचले, नाहीतर ग्रॅनींना मी दुसऱ्यांदा घालवून बसले असते. आता फक्त वेग दुरुस्त करायचा. बाकी काही नाही. कुत्रा, भांडी, खोकला, सगळं जागच्या जागी राहील.

मामेसासरे यावर नाराज आहेत. गावच्या हॉलमध्ये ग्रँडांच्या आठवणीत 'केली', म्हणजे नाचगाण्याचा मेळावा, व्हायचा आहे, त्यात मोठ्या स्पीकरवर वडलांचं वाजवणं ऐकवायचं त्यांच्या मनात आहे. त्यांचं म्हणणं असं, की हॉलमध्ये आलेल्या दोनशे माणसांना आई माहीत नाही, त्यांना नुसती ठकठक ऐकू येईल आणि वडलांच्या हाताची बारीक कामं त्याखाली बुडतील. वडील स्वतः गजाची जराशी खरखर झाली तरी सुरावट परत पहिल्यापासून घ्यायचे. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. वडलांचा हात किती तयार होता हे गावाने ऐकावं, ही मुलाची इच्छा आहे. मी म्हटलं, हॉलसाठी चार साफ केलेल्या घ्या, पण संग्रहात मूळच राहील. त्यांनी चार निवडल्या. निवडताना एक काढली आणि तिच्या जागी ठोक्यासकट असलेली घेतली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वाचताना एक सापडलं. अठराव्या शतकात इथल्या नाचाला फिडलबरोबर चेलो असायचा. नील गाऊच्या जोडीला त्याचा भाऊ डोनाल्ड चेलोवर बसे. सूर भावाचा, खालचा ठोका डोनाल्डचा. त्या काळच्या एका चित्रातही दोघं तसेच शेजारी शेजारी आहेत.

१८ मे, शनिवार

स्पूल ३३ ते ३६, ऐंशीच्या दशकातल्या. लावल्या की किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकटा सोडतात. फितीवरचा गोंद हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. फळं सुकवायच्या यंत्रात ५४ अंशांवर आठ तास ठेवल्या, एक दिवस गार होऊ दिल्या. सुरळीत चालल्या. या पॉलिएस्टरच्या म्हणून चाललं, अ‍ॅसिटेटला असली उष्णता कधी दाखवायची नाही. पुन्हा चिकट व्हायच्या आत चारही उतरवल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

उन्हाळ्यात काम रेंगाळलं. आज स्पूल ३८, १९९०ची. नवरा सहा वर्षांचा.

ग्रँडा त्याला पहिली सुरावट शिकवतायत. कागद नाही. ते तोंडाने म्हणतात, डिडल-डी, आय-डम, डिडल-डी, आणि हा म्हणतो. इथे याला डिडलिंगच म्हणतात, याच्या स्पर्धासुद्धा होतात. बॅगपाइपवाल्यांची अशीच, पण फार काटेकोर पद्धत आहे, कॅन्टरॅख्त नावाची. गुरूने बोल गायचे आणि शिष्याने ते बोटांत उतरवायचे. हाताआधी तोंडात बसलं पाहिजे, हे आमच्या तबल्याच्या सरांनीही शिकवलं होतं. ग्रँडांनी नातवासाठी स्वतः केलेलं पाव आकाराचं फिडल अजून आमच्या कपाटावर आहे.

या टेपवर एक गोष्ट झाली. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट छापला जातो. त्यामुळे एखादी जोरात मारलेली हाक दोन-चार सेकंद आधीच हलकी ऐकू येते. इथे आधी कुजबुजल्यासारखं "टी'ज ऊट" येतं. तीन सेकंद जातात. मग स्वयंपाकघरातून ग्रॅनींचा खणखणीत आवाज : "टी'ज ऊट!" जेवण वाढलंय. नवरा म्हणाला, पहिली हाक मुळीच काढू नकोस. मी काढणार नव्हतेच.

२८ सप्टेंबर, शनिवार

सगळ्या स्पूल संपल्या. आता कॅसेट. इकडे २००९ नंतरच्या १७ आहेत आणि मी त्या मुद्दाम मागे ठेवल्या होत्या.

पहिली फेब्रुवारी २०१०ची. स्पूल १वरचाच स्ट्रॅथस्पे, स्किनरचा. साठला सुरू होतो. दुसऱ्या फेरीला चौसष्ट. तिसऱ्या फेरीच्या शेवटी अडुसष्ट. लय त्यांच्या हातून सुटत चालली आहे आणि त्यांनाही ते कळतंय. मध्येच थांबतात. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबतात. मग टेप बंद केल्याचा आवाज. आयुष्यभर स्ट्रॅथस्पे रोखून धरणाऱ्या माणसाचा.

पुढच्या तीन कॅसेट कोऱ्या आहेत. नुसती तारीख घातलेली आणि काही न भरलेली.

मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची. खुर्ची सरकवल्याचा आवाज. ग्रँडा कुणाशी तरी बोलतायत, लहान मुलीशी. मामेसासऱ्यांची धाकटी लेक, तेव्हा नऊ वर्षांची. पाय पोचतो का ग? पोचतो. मग ठोक बघू. ठक. ठक-ठक. ठक. मोडकं-तोडकं, कधी लवकर, कधी उशिरा. ते फिडल सुरू करतात आणि तिच्या प्रत्येक चुकीबरोबर लय बदलतात. ती घाई करते तर हेही घाई करतात. ती थांबते तर गज हवेत थांबतो. दोघंही हसतायत. सबंध बाजू अशीच, पंचेचाळीस मिनिटं.

तिला आज फोन केला. ती आता तेवीस वर्षांची, ग्लासगोला नर्स आहे. म्हणाली, मला वाटायचं तो आमचा खेळ होता. दर शनिवारी असायचा, मी बारा वर्षांची होईपर्यंत. तिला ती बाजू पाठवली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

यादी पूर्ण. 'सुरावट' या रकान्याच्या आधी आता एक नवा रकाना आहे : खोलीत कोण. डब्यांवर त्यांनी मोठ्या अक्षरात जे लिहिलं होतं तेच तिथे जातंय. ४१ स्पूल आणि ६३ कॅसेट मिळून ९८ तास. प्रती तीन : एक आमच्याकडे, एक बँकरीत, एक कॅल्गरीला.

नमुन्यासाठी एक नोंद इथे उतरवते.

स्पूल ९, बाजू १. खोलीत : ग्रॅनी (टाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत), ग्रँडा (फिडल), सासूबाई (वय अकरा, मध्ये एकदा शिंकतात), मामेसासरे (वय दोन, झोपलेले), कुत्रा. सुरावट : स्ट्रॅथस्पे दोन, रील तीन. वेग १.५ टक्के वाढवला. आणखी काही केलेलं नाही.

स्पूल १९चा शेवटचा सांधा उतरवताना सुटला होता, तो जोडायचा राहिलाय. सांधायची पट्टी मंगळवारी येईल.